पायांना मुंग्या, बधिरपणा, जळजळ : पायाच्या नसा कशाकशाने खराब होतात?

चालता चालता पायातली चप्पल निसटते आणि दहा पावले पुढे गेल्यावर, तेही सोबतच्या माणसाने सांगितले म्हणून, लक्षात येते. रात्री तळपायांची भगभग होते, थंडीच्या दिवसांतही पाय पांघरुणाबाहेर काढून ठेवावे लागतात. सकाळी फरशीवर पाऊल टाकले की कापसावर चालल्यासारखे वाटते. घरात याचे उत्तर ठरलेले असते : 'वय झालं', 'अशक्तपणा आलाय', 'वाताचं असेल'. फार तर मेडिकलमधून ताकदीच्या गोळ्या आणल्या जातात आणि विषय तिथेच संपतो.

पण ही लक्षणे पायाच्या नसा खराब होऊ लागल्याची असू शकतात. डॉक्टर याला 'पेरिफेरल न्यूरोपॅथी' म्हणतात. हे एका आजाराचे नाव नाही. ताप जसा मलेरियानेही येतो आणि न्यूमोनियानेही, तशीच नसा खराब होण्यामागे वेगवेगळी कारणे असतात. त्यातली बरीच कारणे वेळेत सापडली तर नुकसान थांबवता येते, काही वेळा भरूनही येते. कारण न शोधता गोळ्या खात राहिले, तर ती वेळ हातची जाते.

'नस' म्हणजे नेमके काय?

बोलताना आपण शीर आणि नस हे शब्द सरसकट वापरतो. पायावर हिरव्या-निळ्या फुगलेल्या दिसतात त्या रक्तवाहिन्या. इथे ज्या नसांविषयी बोलायचे आहे ते मज्जातंतू, म्हणजे मेंदू आणि पाठीचा कणा यांना शरीराशी जोडणाऱ्या वायरी.

या वायरी तीन प्रकारची कामे करतात. काही स्पर्श, वेदना, गरम-गार यांची खबर वर पोहोचवतात. काही स्नायूंना हलायचा हुकूम देतात. काही घाम आणि रक्तप्रवाह सांभाळतात. म्हणून नस खराब झाली की नुसत्या मुंग्याच येतात असे नाही. पाऊल उचलताना जड वाटणे, चालताना अंगठा अडकून ठेच लागणे, पायाला घाम न आल्याने कातडी कोरडी पडून भेगा पडणे, हीसुद्धा त्याचीच लक्षणे आहेत.

सुरुवात पायापासूनच का होते? कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरातले सर्वांत लांब, मोठ्या माणसात साधारण एक मीटरचे असतात. साखर वाढलेली असो की जीवनसत्त्व कमी असो, सगळ्या शरीराला बाधणाऱ्या कारणाचा फटका आधी या लांबलचक तारांच्या टोकाला बसतो. बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसा वर सरकतो. तो गुडघ्याच्या आसपास पोहोचेपर्यंत बऱ्याच जणांच्या हाताच्या बोटांनाही मुंग्या यायला लागतात.

मधुमेह : सर्वांत मोठे कारण

जगभर आणि आपल्याकडेही या तक्रारीचे पहिले कारण मधुमेह हेच आहे. मधुमेह असलेल्या साधारण निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी नसांचा त्रास होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सर्व राज्यांत सर्वाधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे प्रौढांमध्ये २६.४ टक्के आहे. चार माणसांत एक, असा हा हिशेब आहे.

वर्षानुवर्षे वाढलेली साखर मज्जातंतूंना दोन बाजूंनी मारते. एक तर पेशींच्या आतल्या कामात बिघाड होतो. दुसरे म्हणजे नसांना रक्त पुरवणाऱ्या अगदी बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात. सोबत तंबाखू, विडी किंवा सिगारेट असेल तर हा रक्तपुरवठा आणखी आटतो. निपाणी परिसरासारख्या तंबाखूच्या पट्ट्यात ही गोष्ट वेगळी सांगायला नको. नस बधिर आणि रक्त कमी, अशा पायाला झालेली जखम भरणे फार अवघड जाते.

टाइप २ मधुमेह बऱ्याचदा काही वर्षे कळून येत नाही. त्यामुळे मधुमेहाचे निदान होते त्याच दिवशी काहींच्या नसा आधीच बिघडलेल्या असतात. म्हणून निदान झाल्याबरोबर आणि त्यानंतर दरवर्षी पायांची तपासणी करून घ्यायला हवी. 'माझी शुगर फक्त बॉर्डरवर आहे' म्हणणाऱ्यांनीही गाफील राहू नये, कारण मधुमेहपूर्व अवस्थेतही काहींना हा त्रास सुरू होतो.

बी-१२ ची कमतरता : शाकाहारी घरांत आणि मधुमेहींत

दुसरे मोठे कारण ताटातले आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व मज्जातंतूंवरचे आवरण टिकवायला लागते आणि ते नैसर्गिकरीत्या मिळते फक्त प्राणिजन्य पदार्थांतून : मासे, मटण, अंडी, दूध, दही. भाजीपाला, कडधान्ये, इडली-डोसा यांतून ते भरवशाने मिळत नाही. जे मांस-मासे-अंडी खात नाहीत आणि दूधही चहापुरतेच घेतात, त्यांच्यात कमतरता सर्रास आढळते.

पण रोज मासे खाणाऱ्यांनीही हा परिच्छेद सोडू नये. मधुमेहासाठी घेतली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी आतड्यातून बी-१२ चे शोषण कमी करते. डोस जितका मोठा आणि वर्षे जितकी जास्त, तितका धोका अधिक. पित्तावर वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या, पोटाची शस्त्रक्रिया आणि वाढते वय यांनीही शोषण घटते. म्हणजे मधुमेहीच्या पायाला मुंग्या आल्या तर दोष साखरेचा की बी-१२ चा, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. मेटफॉर्मिन मात्र मनाने बंद करू नये. रक्त तपासून बी-१२ सुरू केले की प्रश्न सुटतो.

या कमतरतेची एक ओळखीची खूण आहे. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, किंवा लाइट गेल्यावर अंधारात चालताना झोक जातो. पायाकडून 'मी कुठे टेकलोय' ही खबर मेंदूला पोहोचत नाही, तोवर डोळे ती उणीव भरून काढत असतात. डोळे मिटले की उघडे पडते. रक्तात हिमोग्लोबिन ठीक असतानाही हे होऊ शकते. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचे नुकसान आतून चालूच राहते. उपचार स्वस्त आहे : इंजेक्शन किंवा गोळ्या. पण फार उशीर झाला तर गेलेली संवेदना पूर्ण परत येईलच असे नाही.

दारू

बरीच वर्षे रोज आणि भरपूर पिणाऱ्यांत तळपायांची आग आणि बधिरपणा ठरलेला असतो. दारू मज्जातंतूंना थेट विषासारखी बाधते. शिवाय पिणाऱ्याचे जेवण सुटते, थायमिन म्हणजे बी-१ कमी पडते. फेणी असो, देशी असो की महागडी व्हिस्की, नसांना त्यातला फरक कळत नाही. दारू सोडणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१ घेणे, एवढ्यानेही पुढचे नुकसान थांबते. रोज पिणाऱ्याने मात्र अचानक दारू तोडताना वैद्यकीय मदत घ्यावी, कारण एकदम सोडल्याने फिट येण्याचा धोका असतो.

कुष्ठरोग : संपला असे समजू नये

२००५ च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले आणि 'निर्मूलन' जाहीर झाले. त्यानंतर हा आजार लोकांच्या आणि काही प्रमाणात डॉक्टरांच्याही डोक्यातून गेला. पण जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आहेत.

कुष्ठरोगाचे जंतू त्वचेइतकेच मज्जातंतूंवर बसतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला खाज नाही आणि जिथे स्पर्श कळत नाही, ही पहिली खूण. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस गेली तर पाऊल लुळे पडते. घोट्याच्या आतल्या बाजूची गेली तर तळपाय बधिर होतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात.

'महारोगात बोटे झडतात' ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ पासून काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी रुग्णांचे हातपाय बारकाईने पाहिले आणि ती खोडून काढली. बोटे जंतूंनी झडत नाहीत. दुखणेच कळत नसल्याने माणूस चटके, काटे, जखमा यांकडे दुर्लक्ष करतो आणि त्यातून अवयव जातो. आज मधुमेहींना पायाची जी काळजी सांगितली जाते, तिच्यामागे हाच धडा आहे. वेदना हा शरीराचा राखणदार आहे. तो झोपला की जखमेला मोकळे रान मिळते.

कुष्ठरोगावरची बहुविध औषधे कोणत्याही राज्यातल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. प्रकारानुसार कोर्स ६ ते १२ महिन्यांचा असतो. औषध सुरू झाल्यावर संसर्ग पसरण्याचा धोका झपाट्याने ओसरतो. नसेचे नुकसान सहा महिन्यांच्या आतले असेल तर स्टेरॉइडने ताकद परत येण्याची शक्यता चांगली असते. लाजेपोटी घालवलेले महिने म्हणून महागात पडतात.

एकाच पायाला त्रास असेल तर

वरची बहुतेक कारणे दोन्ही पायांना सारखी लागतात. तक्रार एकाच पायाची असेल तर नस कुठेतरी दाबली गेली असण्याची शक्यता आधी पाहतात.

कमरेतली गादी सरकून नस दाबली गेली की कळ नितंबापासून मांडीच्या मागून पोटरीत, तळव्यात उतरते. हीच सायटिका. उतारवयात मणक्यातली जागा अरुंद होते. मग थोडे चालले की पाय भरून येतात, खाली बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते.

दुसरी जागा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली आहे. तिथे हाडावरून जाणारी नस कातडीच्या अगदी जवळ असते. तासन्‌तास उकिडवे बसून भांगलण किंवा फरशीचे काम करणे, पायावर पाय टाकून बसायची सवय, घट्ट प्लास्टर, यांनी ती दाबते आणि पाऊल वर उचलता येत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून पाय मोकळे केले तर हे टळते.

औषधे आणि शेतातली विषे

क्षयरोगावरचे आयसोनियाझिड शरीरातले बी-६ घटवते. म्हणून धोका असलेल्या रुग्णांना सोबत बी-६ ची गोळी देतात. ती 'ताकदीची' समजून टाळू नये. उलट, डॉक्टरांना न विचारता मोठ्या डोसमध्ये बी-६ दीर्घकाळ घेतल्यानेही नसा खराब होतात. कर्करोगाच्या केमोथेरपीतली व्हिनक्रिस्टिन, सिस्प्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल ही औषधे आणि बरेच आठवडे घेतलेले लिनेझोलिड यांनीही मुंग्या येतात. असे औषध स्वतःहून सोडू नये, पण तक्रार डॉक्टरांना लगेच सांगावी म्हणजे डोस बदलता येतो.

काही ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांची विषबाधा झाली तर रुग्ण बरा होऊन घरी येतो आणि दोन-तीन आठवड्यांनी पायांची ताकद जायला लागते. फवारणीनंतर दवाखान्यात गेलेल्या माणसाला असे झाले, तर आधीची विषबाधा डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

याशिवाय थायरॉईड कमी असणे, मूत्रपिंडे निकामी होणे, एचआयव्ही आणि काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या येणारे आनुवंशिक आजार, हीही कारणे आहेत. सगळ्या तपासण्या करूनही काही रुग्णांत कारण सापडत नाही. अशांनाही त्रास कमी करणारे उपचार मिळतात.

इथे थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा

– पायांची ताकद काही तासांत किंवा दिवसांत जाऊन अशक्तपणा वर चढत असेल तर. हे गियाँ-बारे सिंड्रोम असू शकते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि दूषित पाण्याकडे बोट गेले. जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी हा आजार सुरू होऊ शकतो. तो श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचायच्या आत उपचार हवेत.
– कंबरदुखीसोबत लघवी अडली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, किंवा बसण्याची जागा बधिर झाली तर.
– पाऊल एकाएकी लुळे पडले तर.
– पाय थंड, निळसर किंवा काळा पडू लागला तर.
– मधुमेहीचे पाऊल लाल, गरम, सुजलेले आहे पण दुखत नाही, असे असेल तर. आतली हाडे खचत असल्याची ही खूण असू शकते.

डॉक्टरांना काय सांगायचे, तपासण्या कोणत्या?

सीमाभागात आणि महाराष्ट्राबाहेरच्या शहरांत डॉक्टरांशी बोलायची भाषा वेगळी असते. घरातल्या मोठ्यांना मग 'मुंग्या' कशा सांगायच्या हेच कळत नाही आणि 'पाय दुखतात' एवढ्यावर भागवले जाते. दुखण्याच्या गोळ्या मिळतात आणि बधिरपणा सांगायचाच राहतो. बेळगाव-धारवाडकडे कन्नडमध्ये यासाठी 'जोमु' हा शब्द आहे. इंदूर-ग्वाल्हेरला 'झुनझुनी' आणि 'सुन्न' म्हणावे. वडोदऱ्यात 'खाली चढवी' आणि हैदराबादेत तेलुगू डॉक्टरांपुढे 'तिम्मिरी' म्हटले की समजते. सोबत तीन गोष्टी सांगाव्यात : कधीपासून आहे, एका पायाला की दोन्ही, आणि कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांची पाकिटेच घेऊन जावे.

डॉक्टर नायलॉनच्या बारीक तंतूने, म्हणजे १० ग्रॅम मोनोफिलामेंटने, तळव्याचा स्पर्श तपासतात. ट्यूनिंग फोर्कने कंप कळतो का पाहतात. रक्तात साखर, एचबीए१सी, बी-१२, थायरॉईड, क्रिएटिनिन आणि हिमोग्राम या तपासण्यांतून बरीच कारणे हाती लागतात. मज्जातंतूंचा वेग मोजणारी एनसीव्ही चाचणी सगळ्यांना लागत नाही. गरज वाटली तर डॉक्टर ती सांगतात.

घरी करता येईल अशी एक सोपी चाचणी आहे. माणसाला डोळे मिटून झोपायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा सहा बोटांच्या टोकांना तुमच्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका. 'डावा' की 'उजवा' एवढेच त्याने सांगायचे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

बधिर पायाची राखण

प्रीगॅबॅलिन, ड्युलोक्सेटिन यांसारख्या गोळ्या आग आणि टोचणी कमी करतात, नस दुरुस्त करत नाहीत. दुरुस्तीसाठी कारणच काढावे लागते. मज्जातंतू पुन्हा वाढला तरी दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणून फरक दिसायला महिने लागतात. पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून उपचार सोडू नयेत.

तोवर वेदनेने करायची राखण डोळ्यांनी करावी लागते. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या मधली जागाही कोरडी करून, तळवे नीट पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा ठेवावा किंवा घरातल्या कुणाला पाहायला सांगावे. पाणी किती कढत आहे ते पायाने न बघता कोपराने बघावे. गरम पाण्याची पिशवी, शेकोटी, गाडीचा सायलेन्सर यांपासून पाय लांब ठेवावेत. कुरूप किंवा घट्टा घरी ब्लेडने कापू नये. पायात घालण्याआधी चप्पल-बूट झटकून आत हात फिरवून खडा, खिळा नाही ना ते पाहावे. मागे पट्टा असलेली, आत मऊ आणि खाली टणक तळ असलेली चप्पल बरी. गावाकडच्या घरांत रात्री उंदराने बधिर पाय कुरतडल्याचे प्रकार होतात, म्हणून झोपताना पाय झाकलेले असावेत.

वारीच्या वाटेवर, यल्लमाच्या डोंगरावर किंवा देवळाच्या तापलेल्या दगडी फरशीवर अनवाणी चालायची श्रद्धा अनेकांची असते. ज्याच्या पायाला स्पर्श कळतो, तो चटका बसला की पाय उचलतो. बधिर पायाचा माणूस चालतच राहतो आणि घरी आल्यावर फोड दिसतात. अशा माणसाला मोजे-चप्पल घालायला घरच्यांनीच हक्काने सांगावे.

पाय कापावा लागलेल्या मधुमेहींची गोष्ट बहुतेक वेळा एका लहानशा, न दुखलेल्या जखमेपासून सुरू झालेली असते. म्हणून घरातल्या आजी-आजोबांनी 'पायाला मुंग्या येतात' म्हटले तर वयावर ढकलू नये. आणि 'आता मुंग्या थांबल्या, काहीच होत नाही' म्हणाले, तर बरे झाले असे समजण्याआधी सहा बोटांची चाचणी करून पाहावी. कारण पूर्ण बधिर झालेला पायही काहीच सांगत नाही.